न बसलेला मास्क

मास्तर दिवसातून दोनदा दाढी करत. सकाळी एकदा, आणि संध्याकाळी इतर पुरुष घरी येऊन पाय पसरून बसतात त्या वेळेला पुन्हा एकदा. सासरच्या मंडळींनी लग्न झाल्या झाल्याच त्यांचं नाव 'गुळगुळीत' ठेवलं होतं. चष्म्याचं दुकान चालवणारा मेव्हणा तर दर भेटीत विचारायचा, "भावोजी, संध्याकाळची दाढी कुणासाठी? गोदामातल्या उंदरांना टोचते का?"

गोदाम म्हणायचं कारण असं, की मास्तर सैन्याच्या कोठारात घोंगड्या मोजतात, असं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आईला त्याचा अभिमान होता. आपल्या मुलामुळे एकही जवान थंडीत कुडकुडला नाही, असं ती शेजारी सांगत असे आणि त्यात तिच्या परीने तथ्यही होतं. फक्त बायकोला खरं काय ते माहीत होतं. घोंगड्या मोजणारा माणूस कोणाच्याही घरी गेला की आधी खिडक्या कोणत्या बाजूला उघडतात ते पाहत नाही, एवढं तिला लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं. तिला कळलं आहे हे मास्तरांना कळलं नव्हतं. संसारात कुणी किती माहीत करून घ्यायचं, याचं माप न बोलता ठरून जातं. या घरात ते असं ठरलं होतं.

मास्तर सुभेदार होते आणि सैन्याच्या एका लहानशा तुकडीत होते. तुकडीला नाव होतं, पण ऐकून कुणाला काही बोध होऊ नये अशा बेतानंच ते ठेवलेलं होतं. बाकीच्या शूर लोकांच्या वाट्याला येणारी संकटं निदान आवाज करतात. या तुकडीच्या वाट्याला वायू येत आणि द्रव येत. त्वचेतून शिरणारे, श्वासातून शिरणारे, नसा आवळून माणसाला उभ्या जागी पाडणारे. कुणी असं विष चोरलं, लपवलं, कुठे पेरलं, की ही माणसं रबराचे सूट घालून आत जात आणि ते उचलून आणत. काम नीट झालं, तर काही झालंच नाही असं दिसे. त्यामुळे त्यांच्या कर्तबगारीची हकिकत सांगणं मोठं अवघड.

तुकडीत आलेल्या प्रत्येकाला शिकवलं मास्तरांनीच, म्हणून मास्तर. शिकवायची जागा म्हणजे एक पत्र्याची खोली. आत अश्रुधूर सोडायचा, नव्या जवानानं मास्क काढायचा आणि प्रश्नाचं उत्तर देऊन बाहेर पडायचं. इतर शिक्षक नाव आणि नंबर विचारत. मास्तर विचारत, "घरच्या न्हाणीघराचं दार आत उघडतं की बाहेर?"

नाकाडोळ्यांतून धारा लागलेला तो जवान आधी खुळ्यासारखा बघत राही. मग मनातल्या मनात घरी जाई, कडीला हात घाली आणि उत्तर देई. एकदा एका लेफ्टनंट मुलीनं, बाहेर आल्यावर ओकता ओकताच, याचं कारण विचारलं होतं. मास्तर म्हणाले, "नाव-नंबर घाबरलेलं तोंडसुद्धा सांगतं, मॅडम. दार आठवायला डोकं घरी जाऊन यावं लागतं. जे जाऊन येतं, ते कामाचं." ती मुलगी पुढे त्याच तुकडीची कॅप्टन झाली.

दाढीचं प्रकरण मास्कमुळे. रबर आणि कातडी यांच्यामध्ये केस आला की फट राहते, आणि या धंद्यात फट म्हणजे मरण. म्हणून दारावर प्रत्येकाचा मास्क जोडीदार तपासतो. फिल्टरवर तळहात दाबायचा आणि म्हणायचं, श्वास ओढा. मास्क ओल्या कपड्यासारखा तोंडाला चिकटला तर जा, नाही तर परत फिरा. इथे हुद्दा चालत नाही, जोडीदाराचा शब्द अखेरचा. एकदा तपासणीला आलेल्या कर्नलसाहेबांनी हनुवटीवर शोभेपुरती एक रेघ राखलेली होती. मास्तरांनी त्यांना दारातून परत पाठवलं. "साहेब, हवेला हुद्दा वाचता येत नाही." कर्नल रागावले, पण दुसऱ्या दिवशी रेघ उतरवून आले. हे वाक्य पुढे तुकडीत दर नव्या माणसाला ऐकवलं जाई.

निवृत्तीआधीची रजा लागली, तेव्हा बायको चहा घेता घेता म्हणाली, "अहो, आता तरी एकदा दाढी वाढवा. कोणाशी लग्न केलं ते पूर्ण बघू दे."

मास्तरांनी वाढवली. हनुवटीवर पांढरी, गालांवर करडी, अशी भरघोस आली. मुलगी म्हणाली, "बाबा, एकदम प्राध्यापक." मेव्हणा म्हणाला, "प्राध्यापक कसला, पेन्शनीतला दरोडेखोर." आईनं नुसता हात फिरवून पाहिला. मास्तर कुणी नसताना आरशापुढे उभे राहून ती विंचरत. घरचं जेवणही अंगी लागत होतं. एका माणसाला स्वतःच्या हनुवटीपासून इतकं सुख मिळावं हे तसं हास्यास्पद आहे, पण त्यांच्या आयुष्यात अशी हास्यास्पद सुखं फार आली नव्हती.

अशात एका रविवारी सकाळी कॅप्टनचा फोन आला.

"मास्तर, रजा मोडायची आहे."

"कुठे?"

तिनं सांगितलं. शहरातलं मोठं बंदिस्त क्रीडागृह. त्याच्या तळघरात पंख्यांची खोली, जिथून नळ्यांतून सगळ्या सभागृहात हवा जाते. त्या खोलीत एक डबा ठेवलेला आहे. पहाटे पकडलेल्या माणसानं तोंड उघडलं होतं. नसांवर जाणारं विष, तोंडाला घड्याळ लावलेलं, दुपारच्या सुमारास उघडेल. पंखे बंद केले तरी नळ्या उघड्याच राहतात, आणि वर माणसं आहेत. मुख्य तुकडी कितीही घाई केली तरी वेळेत पोचणार नव्हती. जवळपास सरावाला गेलेली कॅप्टनची व्हॅन तेवढी पोचत होती, आणि त्या व्हॅनमधल्या एकानंही जिवंत डबा हाताळलेला नव्हता. जिवंत म्हणजे भरलेला. ज्यांनी हाताळला होता अशा, शहरात असलेल्या दोघांतला एक हर्नियाचं ऑपरेशन होऊन पडला होता, आणि दुसरे मास्तर.

"तुमचा मास्क बरोबर घेतलाय. पोलिसांची गाडी तुमच्या दाराशी येतेय."

तिनं दाढीचं विचारलं नाही. मास्तरांना दाढी असेल, ही शक्यता तुकडीत कुणाच्या स्वप्नातही आली नसती. आणि मास्तरांनी सांगितलं नाही. वाटेत उतरवू, असं त्यांना वाटलं. आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर त्यांनी दुसऱ्यांचं काही ऐकून घेतलं नाही, तिच्याबाबत ते स्वतःला असं सहज म्हणाले.

ते आरशापुढे गेले तोवर बायको शिवणाची कात्री घेऊन उभीच होती.

"बसा."

"गोदामातून जरा तातडीचं..."

"हो. घोंगड्या. मान वर करा."

तिनं भराभरा कापली. केस मांडीवर, फरशीवर पडत राहिले. खाली हॉर्न वाजला, तेव्हा तिनं वस्तरा, साबण आणि पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. चपलांऐवजी बूट घाला, एवढंच सांगितलं.

उरलेली दाढी मास्तरांनी गाडीत केली. गाडी भरधाव, बाजूचा आरसा हातभर लांब, आणि रस्ता सरकारी.

"जरा सांभाळून घ्या," ते म्हणाले.

"साहेब, खड्डे काय मी घरून आणलेत?" ड्रायव्हर म्हणाला. दोन वळणांवर वस्तरा डाव्या जबड्याखाली घसरला. रक्त आलं. मास्तरांनी रुमाल दाबला आणि पुन्हा साबण लावला.

क्रीडागृहात त्या दिवशी बुद्धिबळाची स्पर्धा होती. लांबच लांब टेबलं, पट, आणि प्रत्येक पटाशेजारी टिकटिकणारं घड्याळ. व्यवस्थापकानं भोंग्यावरून जाहीर केलं होतं, की पंखे बिघडले आहेत, सर्वांनी अंगणात यावं. खरं कारण सांगायची मनाई होती, कारण दारं दोनच आणि अरुंद, आणि चेंगराचेंगरी विषाची वाट पाहत नाही. प्रेक्षक बाहेर आले. खेळाडू उठेनात. घड्याळं चालू होती आणि ज्याची चाल, त्याचा वेळ जात होता. एका वयस्क गृहस्थांनी तर खांद्यावर हात ठेवणाऱ्या पोलिसाला वर न बघता विचारलं, "मी उठलो तर माझा वेळ कोण भरून देणार? तुम्ही?" पंख्यांच्या बिघाडासाठी घड्याळं थांबवता येतात का, यावर पंच मंडळी एका कोपऱ्यात नियम काढून बसली होती.

तळघराच्या दाराशी कॅप्टन सूट चढवून तयार होती. मास्तरांचा चेहरा पाहून ती क्षणभर थबकली. मास्तर सूटमध्ये शिरले. मास्क चढवला. तिनं फिल्टरवर तळहात दाबला.

"ओढा."

मास्तरांनी श्वास ओढला. मास्क चिकटायला हवा होता. त्याऐवजी डाव्या जबड्यापाशी, पलीकडच्या खोलीत किटली ठेवल्यासारखी, एक बारीक शीळ वाजली.

"पुन्हा."

पुन्हा शीळ. तिनं पट्टा आवळला. शीळ बारीक झाली, थांबली नाही. तिनं बोट फिरवून पाहिलं. कापलेली जागा सुजली होती, शेजारी खुंटांची एक ओळ राहून गेली होती, आणि घरच्या जेवणानं गालही भरला होता. जुना मास्क जुन्या चेहऱ्याचा होता.

"मास्तर, बसत नाही."

"थोडंसं आहे. चालेल."

हे वाक्य त्यांनी इतरांच्या तोंडून किती वेळा ऐकलं होतं याची गणती नाही. स्वतःच्या तोंडून प्रथमच ऐकलं.

कॅप्टननं त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला. "मास्तर, हवेला नोकरीची वर्षंसुद्धा वाचता येत नाहीत."

"मॅडम, तुमच्यातल्या एकानंही जिवंत डबा उचललेला नाही."

"नाही ना. म्हणून तुम्ही तोंड द्या, आम्ही हात देतो. बाहेर बसा आणि बोला."

मास्तरांनी मास्क काढला. वाद घालता आला असता. पण जोडीदाराच्या शब्दापुढे वाद नाही, हे त्या मुलीला कोणी शिकवलं होतं ते त्यांना चांगलं आठवत होतं.

ती आत गेली, आणि तिच्याबरोबर नायक हुद्द्याचा एक जवान गेला. त्याला सगळे लांब्या म्हणत, कारण कुठल्याही सूटच्या बाह्या त्याला पुरत नसत. मास्तर व्हॅनच्या पायरीवर वायरलेस घेऊन बसले.

"दिसला, मास्तर. मोठ्या पंख्याच्या मागे. दुधाच्या कॅनएवढा. वर घड्याळ."

"घड्याळाकडे बघू नका. आपलं त्याच्याशी काही काम नाही. बुडाकडे बघा. ओल आहे?"

"आहे. बटणाएवढी."

"तिच्यावर शोषायची पावडर टाका. भरपूर. बूट लांब. आता पिंप आडवं करा, तोंड डब्याकडे."

पिंप जाड पोलादाचं होतं, रबर लावलेल्या झाकणाचं. घड्याळ थांबवायच्या भानगडीत पडायचं नाही. डबा पिंपात सारायचा, झाकण पेचांनी आवळायचं, आणि त्याला जे करायचं ते त्याला आत करू द्यायचं. सांगायला एवढंच. पण सांगताना मास्तरांचे हात हवेत चालू होते. ते नसलेल्या डब्याला कवेत घेत, नसलेल्या पिंपाच्या कडेवरून नेत. अंगणातल्या एका शिपायाला हा प्रकार बघवेना. त्यानं तोंड फिरवलं.

मग वायरलेसवर नुसतं धापा टाकणं ऐकू आलं, आणि लांब्याचा आवाज. "दम लागतोय. मला... नीट दिसत नाही."

"मास्तर," कॅप्टन म्हणाली, "लांब्याला लागलं बहुतेक. सुई देते."

प्रत्येकाच्या मांडीच्या खिशात उताऱ्याची सुई असते. विष लागलेल्याला ती तात्काळ दिली नाही तर तो मरतो. विष न लागलेल्याला दिली, तर तापलेल्या सूटमध्ये त्याचं काळीज उधळतं आणि तो आडवा होतो. लांब्या आडवा झाला तर डबा एकट्या माणसाला उचलणं शक्य नव्हतं. आणि वर ते गृहस्थ अजून पटावर वाकलेले असणार.

"थांबा. बॅटरी घ्या. त्याच्या काचेतून डोळ्यांत बघा. बाहुल्या कशा आहेत?"

काही क्षण गेले.

"मोठ्या."

"टाचणीच्या डोक्याएवढ्या नाहीत? नक्की?"

"नाहीत. चांगल्या मोठ्या आहेत."

"मग विष नाही. विषानं बाहुली आकसते, भीतीनं पसरते. सुई ठेवून द्या." त्यांनी घसा साफ केला. "लांब्या. ऐकतोस? घरच्या न्हाणीघराचं दार आत उघडतं की बाहेर?"

धाप. पुन्हा धाप.

"आत की बाहेर, लांब्या?"

"मास्तर... दार नाहीये. पडदा आहे."

अश्रुधुराच्या खोलीत या पोरानं 'बाहेर' म्हणून ठोकून दिलं होतं, हे मास्तरांच्या ध्यानात आलं. पण ही वेळ जाब विचारायची नव्हती.

"बरं. पडदा कुठे सरतो?"

"डावीकडे. मधेच... मधेच कडी अडकते."

"अडकली की काय करतोस? ओढतोस?"

"नाही. ओढला की फाटतो. आई ओरडते. हळूच वर उचलून सोडवतो."

"मग तसाच उचल. हळूच वर. मॅडम दुसऱ्या बाजूनं. फाटू द्यायचा नाही."

यानंतर बराच वेळ मास्तरांना फक्त दोन माणसांचे श्वास ऐकू आले. एक जलद होता, तो हळूहळू दुसऱ्याच्या चालीवर आला. पोलादावर काहीतरी घासलं. झाकण बसल्याचा बद्द आवाज. मग पेच. मास्तर समोरासमोरचे पेच आधी आवळायला सांगत होते, आणि शेवटचा पेच आवळला असेल नसेल, तेवढ्यात कॅप्टनचा आवाज आला. अगदी हळू, एखादं झोपलेलं मूल शेजारी असावं तसा.

"मास्तर, पिंपात टक् झालं."

"हात लावा. थरथरतंय?"

"नाही."

"रबराच्या कडेनं ओल?"

"नाही."

"झालं तर मग. त्यानं त्याचं काम केलं. तुम्ही तुमचं केलंत. या बाहेर."

त्याच सुमाराला पंचांचा निर्णय झाला, की घड्याळं थांबवण्यास हरकत नाही. खेळाडू शिस्तीत अंगणात आले आणि उन्हाबद्दल तक्रार करू लागले.

पिंप गेलं. कॅप्टन आणि लांब्या धुवून निघाले. विष हुंगणारं यंत्र खोलीत फिरवलं, ते गप्प राहिलं. पण यंत्र गप्प आहे म्हणजे हवा शुद्ध आहे, असं या तुकडीत कुणी मानत नाही. ती बटणाएवढी ओल फरशीच्या भेगेत किती उतरली ते कुणाला ठाऊक? पंखे सुरू करण्याआधी एका माणसानं त्या हवेत मास्कशिवाय बसायचं, आणि दुसऱ्यानं मास्क लावून त्याच्या डोळ्यांत बघत राहायचं, असा रिवाज. बसणारा कोण, हे अधिकाऱ्यानं ठरवायचं.

कॅप्टननं लांब्याकडे पाहिलं. तो व्हॅनला टेकून उभा होता, बाह्यांतून मनगटं बाहेर. तिनं दुसऱ्या दोघांकडे पाहिलं. मास्तर पायरीवरून उठले.

"मी बसतो. मला मास्क काढायचेही कष्ट नाहीत."

"तुम्ही रजेवर आहात, मास्तर."

"म्हणूनच हुकूम द्या. नाही तर मी नुसता हट्टी म्हातारा ठरेन."

तिनं लगेच हुकूम दिला नाही. मग दिला. तो देताना तिनं त्यांना सलाम केला. तशी पद्धत नव्हती.

पंख्यांची खोली बसक्या छताची होती. कुणीतरी कोपऱ्यात एक मोडकं स्टूल ठेवलं होतं, त्यावर मास्तर बसले. समोर गुडघ्यांवर कॅप्टन, हातात बॅटरी, दुसऱ्या हातात सुई, टोपण काढलेली. मास्तरांनी श्वास घेतला. जुनं वंगण, तापून विझलेली धूळ, झिजलेला पट्टा. आणखी एक. काही नाही. इतक्या वर्षांत अशा खोल्यांची हवा त्यांच्या छातीत कधी गेलीच नव्हती. प्रत्येक वेळी मध्ये रबर होतं. कानांत काळीज वाजत होतं. त्यांना घरी सांडलेले केस आठवले आणि ते कुणी झाडले असतील, असा विचार आला. नंतर कसलाच विचार आला नाही. एक श्वास आत आणि एक बाहेर, एवढंच राहिलं.

"कशा आहेत?" त्यांनी विचारलं.

कॅप्टननं बॅटरी जवळ आणली.

"मोठ्या आहेत, मास्तर. खूप मोठ्या."

"असणारच," मास्तर म्हणाले.

ठरलेला वेळ भरेपर्यंत ते तसेच बसून राहिले. मग तिनं सुईला टोपण घातलं, मास्क काढला आणि तीही तिथेच फरशीवर टेकून बसली. बराच वेळ दोघंही ती वंगणाची हवा ओढत राहिले.

पंखे सुरू झाल्यावर मास्तर वर सभागृहात गेले. त्यांना तिथे काही काम नव्हतं. खेळाडू परतून आपापल्या पटाशी बसले होते. पंचांनी खूण केली, घड्याळं पुन्हा चालू झाली आणि बोलणं थांबलं. भिंतीतल्या जाळ्यांमधून हवा यायला लागली. चाली टिपायच्या कागदांचे कोपरे हलले. एका मुलीनं तोंडावर आलेले केस मागे सारले. कुणीतरी हायसं वाटून कॉलर सैल केली. मास्तर त्या वयस्क गृहस्थांच्या पाठीमागे उभे राहिले आणि त्यांच्या खांद्यांचं वरखाली होणं पाहत राहिले.

गृहस्थांनी मान न वळवता विचारलं, "पंखेवाले का तुम्ही?"

"हो."

"इतका वेळ लागतो होय? बरं, जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."

मास्तर बाजूला झाले.